गाळा की पथारी: बिटकॉइनचे टोकियो आणि बिटकॉइनचे पुणे

शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरणारा पुण्याचा भाजीबाजार १८८६ साली छपराखाली आला. मधोमध उंच मनोरा असलेल्या त्या इमारतीचे नाव तेव्हा रे मार्केट होते, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे इमारतीला त्यांचेच नाव मिळाले, हे पुण्याच्या रीतीला धरूनच झाले म्हणायचे. मंडईत आत गाळेवाले बसतात आणि बाहेर पथारीवाले. गाळेवाल्याची जागा ठरलेली, परवाना आणि भाडे ठरलेले, वजनकाटा तपासलेला. आज घेतलेला माल खराब निघाला तर उद्या तोच माणूस तिथेच सापडतो. पथारीवाल्याची मात्र वर्षानुवर्षे पावती तेवढी फाडली गेली. पावती हातात असली तरी जागा त्याची होत नसे आणि संध्याकाळी अतिक्रमणाची गाडी आली की पावतीचा उपयोगही नसे.

बिटकॉइन नावाचा नवा माल बाजारात आला तेव्हा जपानने त्याला गाळा दिला. भारताने पावती फाडली. दोन्ही देशांना जाग आली ती मोठ्या घोटाळ्यांमुळे. जपानचा घोटाळा टोकियोत झाला आणि आपल्या घोटाळ्याचे महत्त्वाचे गुन्हे पुण्यात दाखल झाले.

बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. सातोशी नाकामोतो हे नाव घेतलेल्या कुणा अज्ञाताने त्याची रचना केली. त्याला टांकसाळ नाही, रिझर्व्ह बँक नाही. कुणी कुणाला किती दिले याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी राहते आणि ही नोंद पक्की करण्यासाठी संगणक राबवणाऱ्यांना मोबदला म्हणून नवी नाणी मिळतात. या कामाला ‘मायनिंग’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, पुण्यातले सगळे प्रकरण त्याच्यावरच उभे राहिले.

पहिला धक्का टोकियोला बसला. शिबुया भागातल्या माउंट गॉक्स या कंपनीच्या बाजारपेठेतून एकेकाळी जगातल्या बिटकॉइन व्यवहारांपैकी सुमारे ७० टक्के व्यवहार होत. तिचा प्रमुख मार्क कार्पेलेस हा फ्रेंच तरुण. फेब्रुवारी २०१४ च्या सुरुवातीला कंपनीने ग्राहकांना नाणी काढू देणे थांबवले. थेट लंडनहून आलेला एक गुंतवणूकदार ‘आमचे पैसे कुठे आहेत’ असा फलक घेऊन कार्यालयाबाहेर बर्फात उभा राहिला आणि त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. २८ फेब्रुवारीला कंपनीने दिवाळखोरीतल्या संरक्षणासाठी टोकियोच्या जिल्हा न्यायालयात धाव घेतली. साडेआठ लाख बिटकॉइन गायब होती. त्यांतली साडेसात लाख ग्राहकांची. पुढे दोन लाख एका जुन्या डिजिटल पाकिटात सापडली. एवढ्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्यांना दोन लाख नाणी ‘सापडतात’, यावरूनच तिथल्या कारभाराची कल्पना यावी.

त्यानंतरचा निकाल आणखी बोलका आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये एका ग्राहकाच्या दाव्यावर टोकियोच्या न्यायालयाने सांगितले की जपानच्या दिवाणी कायद्यानुसार मालकी हक्क हाताला लागणाऱ्या वस्तूवर असतो. बिटकॉइन तशी वस्तू नाही, म्हणून ‘माझी नाणी मला परत द्या’ असा मालकाचा दावा त्यावर चालत नाही. ग्राहक मालक राहिला नाही, इतर देणेकऱ्यांच्या रांगेतला एक झाला. जपानी सरकारला आपल्या कायद्यातले भगदाड इथे स्पष्ट दिसले. चोराला पकडणे हे पोलिसांचे काम, पण चोरी होण्याआधी ग्राहकाची नाणी कुणाची आणि ती ठेवायची कशी, हे कायद्यातच लिहिलेले नव्हते.

ते लिहिले गेले. मे २०१६ मध्ये जपानी संसदेने पेमेंट सेवांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. आभासी चलनाची व्याख्या कायद्यात आली, अशा चलनाची पेढी चालवायची तर वित्तीय सेवा संस्थेकडे नोंदणी सक्तीची झाली आणि ग्राहकाची नाणी कंपनीच्या नाण्यांपासून वेगळी ठेवणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी जुलैपासून या चलनाच्या खरेदीवरचा उपभोग कर उठला आणि सप्टेंबरमध्ये पहिल्या अकरा पेढ्यांची नोंदणी झाली.

आपल्याकडे याच काळात काय चालले होते? रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी जनतेला सावध करणारे पत्रक काढले होते. २०१७ च्या फेब्रुवारीत दुसरे निघाले, डिसेंबरात तिसरे. सावध राहा, हे सांगून झाले. फसलो तर कुणाचे दार ठोठवायचे, हे मात्र कुठेच नव्हते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. मंडईत, तुळशीबागेत, लक्ष्मी रस्त्यावर लोकांना पहिल्यांदाच मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सवय लागली आणि रोख रकमेवरचा भरवसाही थोडा हलला. त्यातच २०१७ च्या सुरुवातीला सुमारे हजार डॉलरला असलेले बिटकॉइन डिसेंबरात वीस हजार डॉलरच्या उंबरठ्यावर गेले. हातची संधी निघून चालली आहे, ही भावना सुशिक्षित मध्यमवर्गातच जास्त होती.

अमित भारद्वाजची ‘गेनबिटकॉइन’ ही योजना २०१५ च्या सुमारास सुरू झाली होती. सांगणे असे होते: आम्ही परदेशात मायनिंग करतो, त्यासाठी तुमचे बिटकॉइन आम्हाला द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा बिटकॉइनमध्येच मिळेल. एक नाणे देणाऱ्याला दीड वर्षात १.८ नाणी. शिवाय नवे गिऱ्हाईक आणणाऱ्याला दलाली. साखळी योजना पुण्याला नव्या नव्हत्या. सोसायटीतले शेजारी, कार्यालयातले सहकारी, नात्यातले जावईबापू यांच्यामार्फत त्या पसरतात आणि म्हणूनच तक्रार करताना लोकांची जीभ अडखळते. या वेळी साखळीला तंत्रज्ञानाची झालर होती, एवढाच फरक.

योजनेची गोम तिच्या आश्वासनातच होती. परतावा रुपयांत असता तर भाव वाढल्यावर कंपनीची सोय झाली असती. पण देणे बिटकॉइनमध्ये, म्हणजे नाणे जितके महाग होईल तितके देणे जड होत जाणार. २०१७ मध्ये भाव भडकला आणि बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे कंपनीचे स्वतःचेच नाणे लोकांच्या खात्यात पडू लागले. त्याला बाजारात फारसे कुणी विचारत नव्हते. ज्याने आपले बिटकॉइन घरीच ठेवले असते तो त्या वर्षात कित्येक पटींनी श्रीमंत झाला असता. ज्याने गुंतवले त्याच्या हाती एमकॅप. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार २०१७ च्या भावानेच सुमारे ६,६०० कोटी रुपयांची बिटकॉइन या योजनेत गोळा झाली होती.

पुण्यात दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदले गेले. एप्रिल २०१८ च्या पहिल्याच आठवड्यात पुणे पोलिसांनी भारद्वाजला दिल्लीच्या विमानतळावर ताब्यात घेऊन पुण्याला आणले. योगायोग असा की त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनाच्या कोणत्याही व्यवहाराला हात लावण्यास मनाई केली आणि चालू व्यवहार गुंडाळायला तीन महिने दिले.

या मनाईचे वजन कळायला जपानमधला त्याच वर्षाचा जानेवारी पाहावा लागतो. २६ जानेवारी २०१८ रोजी टोकियोच्या कॉइनचेक या पेढीतून सुमारे ५८ अब्ज येनची ‘नेम’ नाणी चोरीला गेली. गॉक्सच्या चार वर्षांनंतर, नवा कायदा असूनही! पेढीचा नोंदणी अर्ज अजून मंजूर व्हायचा होता. तोवर धंदा चालू ठेवण्याची मुभा कायद्याने दिली होती आणि चोरीला गेलेली नाणी इंटरनेटला जोडलेल्या पाकिटात होती. जपानने बाजार बंद केला नाही. अधिकारी पेढ्यांच्या कार्यालयांत तपासणीला बसले, सुधारणेचे आदेश सुटले, कॉइनचेकने सुमारे २ लाख ६० हजार ग्राहकांना दर नाण्यामागे ८८.५४९ येन या दराने स्वतःच्या खिशातून भरपाई दिली आणि एप्रिलमध्ये ती मोनेक्स या मोठ्या दलाली समूहाने विकत घेतली. मे २०२० पासून नियम आणखी आवळले गेले: ग्राहकांची जवळजवळ सगळी नाणी इंटरनेटपासून तोडलेल्या पाकिटात ठेवायची, आणि उरलेल्या थोड्या नाण्यांइतकीच स्वतःची नाणी बाजूला ठेवायची.

भारतात मनाईने बाजार थांबला का? झेबपेसारखी मोठी पेढी सप्टेंबर २०१८ मध्ये आपला भारतातला बाजार बंद करून गेली. उरलेला धंदा माणसामाणसांतल्या थेट देवघेवीत शिरला. दरम्यान २०१९ मध्ये सरकारी समितीने सुचवलेल्या मसुद्यात आभासी चलन बाळगणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. तो मसुदा संसदेपर्यंत पोचलाच नाही. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक रद्द केले. न्यायमूर्ती रामसुब्रमणियन यांनी लिहिलेल्या निकालात बँकेचा अधिकार मान्य केला आहे. पण या चलनामुळे एखाद्या बँकेचे नुकसान झाल्याचे दाखवता येत नसताना सगळ्यांचेच दार बंद करणे हे रोगाच्या मानाने फार जालीम औषध ठरते, असा त्याचा सूर आहे.

बंदी गेली, नियम आला नाही. पोकळी भरायला शेवटी आयकर खाते पुढे आले. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ही व्याख्या आणली, तिच्या विक्रीतल्या नफ्यावर सपाट ३० टक्के कर लावला आणि १ जुलैपासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का मुळातच कापून घेण्याची सोय केली. नंतर राज्यसभेत त्यांनी सांगितले की कर लावणे हा सरकारचा सार्वभौम हक्क आहे, त्यामुळे या चलनाला कायदेशीर मान्यता मिळाली असे कुणी समजू नये. वित्त सचिवांनी या करासाठी घोड्यांच्या शर्यतीतल्या कमाईचा दाखला दिला. पुण्याला रेसकोर्सची ओळख आहे, त्यामुळे मुद्दा चटकन कळला असेल.

दर पाहिला तर जपानचा कर जास्त जाचक वाटतो. तिथे हे उत्पन्न ‘इतर किरकोळ’ या सदरात धरले जाते आणि स्थानिक कर मिळवून वरच्या पायरीवर ५५ टक्क्यांपर्यंत जाते. त्याला कंटाळून कित्येक जपानी उद्योजकांनी सिंगापूर आणि दुबई गाठले. पण दरापेक्षा हिशेबाची रीत महत्त्वाची. समजा एका नाण्यात लाखाचा फायदा झाला आणि त्याच वर्षी दुसऱ्यात लाखाचा तोटा. जपानी माणसाचा निव्वळ नफा शून्य, म्हणून त्या व्यवहारावर कर शून्य. पुणेकराने मात्र फायद्याच्या लाखावर उपकरासह ३१,२०० रुपये भरायचे. दुसऱ्या नाण्यातला तोटा त्याचा त्याने सोसायचा, पुढच्या वर्षीही वळता करता येत नाही. खरेदीची किंमत सोडली तर कुठलाही खर्च वजा होत नाही. जपानमध्ये मिळकतीसाठी केलेला रास्त खर्च वजा होतो.

एक टक्क्याची कपात दिसायला किरकोळ आहे. नफा होवो की तोटा, ती प्रत्येक विक्रीवर होते. लाख रुपयांचे भांडवल दहा वेळा फिरवले की साडेनऊ हजारांहून अधिक रक्कम सरकारकडे अडकते आणि विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत तिथेच राहते. जुलै २०२२ नंतर देशी पेढ्यांवरची उलाढाल झपाट्याने आटली आणि गिऱ्हाईक परदेशी पेढ्यांकडे वळले, जिथे ही कपात करणारे कुणी नव्हते. व्यवहाराचा माग राहावा म्हणून लावलेल्या कराने व्यवहारच नजरेआड गेले. मला यात दरापेक्षा घाई जास्त दिसते: आधी नोंदणी आणि मग कर, हा क्रम उलटा लागला.

अर्थसंकल्पानंतर चोवीस दिवसांनी, २५ फेब्रुवारी २०२२ रोजी, गेनबिटकॉइन प्रकरणातल्या एका आरोपीच्या अर्जावर सुनावणी करताना न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती सूर्य कान्त यांच्या पीठाने केंद्राला सरळ विचारले की बिटकॉइन कायदेशीर आहे की बेकायदा, ते एकदाचे सांगा. मुख्य आरोपी भारद्वाज तोपर्यंत हयात नव्हता. २०१९ मध्ये त्याला जामीन मिळाला होता आणि जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. मार्चच्या अखेरीस न्यायालयाने अर्जदाराला त्याच्या पाकिटाचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड सक्तवसुली संचालनालयाला द्यायला सांगितले. तिजोरीची किल्ली आरोपीच्या डोक्यात असेल तर जप्तीच्या जुन्या रीती अपुऱ्या पडतात, हे तपासयंत्रणांना तोवर कळून चुकले होते.

पुण्यात त्याच महिन्यात आणखी विचित्र घडले. २०१८ च्या तपासात पोलिसांना मदत करायला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना पुणे सायबर पोलिसांनीच अटक केली. त्यांपैकी एक माजी आयपीएस अधिकारी. तपासासाठी हाती आलेल्या पाकिटांतली नाणी परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे; खरेखोटे न्यायालय ठरवील. पण अशी नाणी ताब्यात कशी घ्यावीत, कुणाच्या नावे ठेवावीत, त्यांच्या किल्ल्या कुणाकडे असाव्यात, याची घडी २०१८ मध्ये बसलेली नव्हती, एवढे या आरोपातून उघड होते. टोकियोच्या न्यायालयाला २०१५ मध्ये पडलेला पेच पुण्याच्या पोलीस ठाण्यात वेगळ्या वेशात उभा राहिला होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही अमेरिकी तरुणाने उभारलेली, बहामातून चालणारी बलाढ्य पेढी बुडाली. जगभरचे ग्राहक वर्षानुवर्षे ताटकळले. तिच्या जपानी शाखेच्या ग्राहकांनी मात्र २१ फेब्रुवारी २०२३ पासून आपले पैसे काढायला सुरुवात केली, कारण त्यांची मत्ता कायद्याने वेगळी ठेवलेली होती. इकडे भारताने ७ मार्च २०२३ रोजी या पेढ्यांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणले, वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी सक्तीची केली आणि २०२४ मध्ये बायनान्स या जगातल्या सर्वांत मोठ्या पेढीला १८.८२ कोटींचा दंडही ठोठावला. मात्र या नोंदणीचा उद्देश संशयास्पद पैशावर नजर ठेवणे हा आहे. ग्राहकाची नाणी कशी सांभाळावीत, याची जबाबदारी तिने कुणावर टाकलेली नाही.

दोन्ही व्यवस्थांची कसोटी २०२४ च्या उन्हाळा-पावसाळ्यात लागली. ३१ मे रोजी जपानच्या डीएमएम बिटकॉइन या पेढीतून ४,५०२.९ बिटकॉइन चोरीला गेली. तेव्हाच्या भावाने ४८ अब्ज येनहून अधिक. १८ जुलैला भारताच्या वझीरएक्समधून २३ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपयांची मत्ता गेली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात दोन्ही चोऱ्यांसाठी उत्तर कोरियाकडे बोट दाखवले. चोर एकाच घरचे. डीएमएमच्या समूहाने पैसा उभा करून ग्राहकांची सगळी नाणी भरून दिली, खाती दुसऱ्या नोंदणीकृत पेढीकडे सोपवली आणि दुकान बंद केले. वझीरएक्सच्या भारतीय ग्राहकांच्या नाण्यांचा निवाडा मात्र सिंगापूरच्या उच्च न्यायालयात चालला, कारण कंपनी तिथे नोंदलेली होती. पेढीचे व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

जपानचे सगळे सुरळीत झाले असे नाही. माउंट गॉक्सच्या देणेकऱ्यांना नाणी मिळू लागली ती जुलै २०२४ मध्ये, दहा वर्षांनी. कार्पेलेसला नोंदींत फेरफार केल्याबद्दल शिक्षा झाली, तीही स्थगित; अपहाराच्या आरोपातून तो सुटला. ५५ टक्क्यांच्या कराऐवजी समभागांसारखा २० टक्क्यांचा दर आणण्याच्या दिशेने तिथले सरकार आता कुठे पावले टाकू लागले आहे.

गेनबिटकॉइनचे देशभरातले गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सीबीआयकडे सोपवले. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर या नाण्यांवरून महाराष्ट्रात राजकीय चिखलफेकही झाली आणि मतदानानंतर ती ओसरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने पुणे, नांदेड, कोल्हापूर, दिल्ली, चंडीगड, बेंगळुरू अशा साठ ठिकाणी छापे घातले. ६,६०० कोटींच्या या प्रकरणात त्या छाप्यांतून हाती आलेली आभासी मत्ता २३.९४ कोटी रुपयांची भरली.